मुलाला क्लास नको, सोबत हवी

मूल दोन वर्षांचं झालं की सोसायटीत, नातेवाइकांत, ऑफिसात एकच विचारणा सुरू होते: कुठे घातलं? प्लेग्रुप, नर्सरी, फोनिक्स, अबॅकस, नावं ऐकता ऐकता नव्या आईबाबांच्या पोटात गोळा येतो. आपलं मूल मागे तर पडणार नाही ना, या धास्तीपोटी हजारो रुपयांची फी भरली जाते, आणि मुलाला खरोखर जे लागतं ते हाताशी असूनही राहून जातं. पालकांच्या बैठकांमधून हे मी पुन्हा पुन्हा पाहत आले आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. पहिल्या सहा वर्षांत मुलाला सगळ्यांत जास्त गरज असते ती त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याचं ऐकून घेणाऱ्या आणि रोजच्या कामात त्याला सोबत घेणाऱ्या मोठ्या माणसाची. पोटभर सकस अन्न, झोप आणि लसी यांच्या जोडीला एवढं मिळालं, तर मूल मागे पडण्याची भीती बाळगायचं कारण बहुतेक घरांत उरत नाही.

जन्मतः बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. दोन वर्षांत तो पाऊण होतो आणि सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो. या काळात मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी जोडणी इतक्या झपाट्याने होते, की तसा वेग पुढच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. ज्या जोडण्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, वापरात नसलेल्या गळून पडतात. मुलाच्या कानावर काय पडतं, हाताला काय लागतं, रडल्यावर कोणी जवळ घेतं की नाही, यावर हे सगळं अवलंबून असतं.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसोबत काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये ताराबाई बोर्डी या गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. धाकटी भावंडं सांभाळायची असत, गुरांमागे जायचं असे. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. महागडी साधनं नव्हती, म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य झालं. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज गावोगाव दिसते ती अंगणवाडी आली. मूल जिथे आहे तिथेच, आणि जे हाताशी आहे त्यातूनच शिकतं, हे त्या दोघींनी या मातीत करून दाखवलं. आपल्याला ते फक्त घरात आणायचं आहे.

तेलपाणी करताना, भाजी निवडताना

बाळाला तेल लावताना आपण बोलतो का? पुष्कळदा मालिशवाल्या मावशी आणि आजी एकमेकींशी बोलत असतात, आणि बाळ मुकाट पायांवर पडलेलं असतं. त्याऐवजी असं करून बघा. हातावर तेल घेऊन बाळाला दाखवा. ‘आता पाय चोळू या हं. हा बघ तुझा पाय. थंड लागलं?’ एवढं बोलून थांबा. तीन-चार महिन्यांचं बाळ तुमच्या डोळ्यांत बघेल, पाय झाडेल, ‘आँ’ म्हणेल. हे त्याचं उत्तर आहे. आता तुमची पाळी. ‘हो का? अजून काय म्हणणं आहे?’ पुन्हा थांबा. तुम्ही थांबता त्या क्षणात बाळ शिकतं की मी काही म्हटलं की समोरचं माणूस ऐकतं. बोलणं, विश्वास, पुढे वर्गात हात वर करून प्रश्न विचारणं, या सगळ्याची सुरुवात इथे होते. बहुतेक मोठ्यांना थांबणंच जमत नाही. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. मनात पाच आकडे मोजा. तान्ह्या बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो.

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की स्वयंपाकघरासारखी शाळा नाही. मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्यात, तर चार शेंगा त्याच्या पुढ्यात टाका. शेंग फोडायला चिमटीत जोर लागतो. तीच चिमूट पुढे पेन्सिल धरणार असते. आतले दाणे मोजता येतात, मोठे आणि बारीक वेगळे करता येतात. एखादी शेंग कोवळी निघते, एखादी जून, एखादीत अळी असते. ‘अळीला सूर्यप्रकाश नको होता का गं आई?’ असा प्रश्न आला, तर समजा की आजचा दिवस सार्थकी लागला. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून अळी बघा. शेंगा सोलायला दुप्पट वेळ लागेल, दाणे फरशीवर सांडतील, ते सोसावं लागतं. मुलाला एकट्याला मात्र सोडू नका. लहान मुलं दाणा नाकात घालतात. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं खायला देऊ नयेत, कारण ती घशात अडकतात.

कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावणं, कुंडीला पाणी घालणं, पोळीसाठी कणकेचा गोळा मळून वेडीवाकडी चपाती लाटणं, बाजारातून आणलेल्या भाज्या टोपलीत ठेवणं. यातल्या कशालाच फी पडत नाही. कामावर जाणाऱ्या आईबाबांना दिवसभर हे शक्य नसतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण संध्याकाळचा अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मूल म्हणेल तो खेळ त्याच्या पद्धतीने खेळणं, एवढं बहुतेक घरांत जमू शकतं.

‘बनाना खा, हॅण्ड वॉश कर’

कुठल्याही मॉलमध्ये किंवा बागेत कान देऊन ऐका. मराठी घरातली तरुण आई किंवा बाबा मुलाशी अशी भाषा बोलताना ऐकू येतात: ‘बेटा, डॉगी बघ. रेड कलरचा बॉल कॅच कर.’ हेतू चांगलाच असतो. पोराला इंग्रजी शाळेत अडचण येऊ नये. पण त्यात मुलाच्या वाट्याला येतात फक्त काही नामं, तीही सुटी सुटी. आईला जी भाषा सहज येते त्या भाषेत ती रागावते, समजावते, कल्पना करते, गंमत करते, काल काय झालं आणि उद्या काय होईल ते सांगते. मुलाची विचार करण्याची ताकद त्या भरघोस बोलण्यातून वाढते. एक भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या आधाराने उभी राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे तो याचसाठी.

आजी मालवणी बोलत असेल, आजोबा अहिराणी, शेजारचे काका हिंदी, तर बोलू द्या. अनेक भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळून बोलायचं थांबतं, हा गैरसमज आहे. प्रत्येकाने आपली भाषा नीट, पूर्ण वाक्यांत बोलावी, एवढंच पथ्य. परदेशात राहणाऱ्या मराठी आईबाबांनाही हेच सांगेन. तिथली भाषा मूल पाळणाघरातून आणि शाळेतून शिकणारच आहे. मराठी त्याला तुमच्याशिवाय कोण देणार?

भाषेचा दुसरा मोठा झरा म्हणजे गोष्ट. रात्री निजताना दिवा मंद करून सांगितलेली गोष्ट मुलं शंभर वेळा ऐकतात आणि त्यातला एक शब्द बदलला तरी दुरुस्त करतात. कंटाळू नका. तीच गोष्ट पुन्हा ऐकताना पुढे काय होणार ते मुलाला माहीत असतं, आणि त्या माहीत असण्यातून त्याला धीर मिळतो. सहा महिन्यांच्या बाळालाही मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक दाखवता येतं. ते पान चावेल, उलटं धरेल, हरकत नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात आणि एका महागड्या खेळण्याच्या पैशांत त्यांतली कितीतरी घरी येतात. वाचताना प्रश्नोत्तरांची परीक्षा घेऊ नका. ‘हा कोण? रंग कोणता?’ असं सारखं विचारलं की मूल पुस्तक मिटून टाकतं. त्यापेक्षा ‘अरे, हिची चप्पल कुठे गेली?’ असं आपणच नवल करावं.

डाळीचं पाणी आणि इतर काही

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, घुटी नाही, मध नाही, ग्राईप वॉटर नाही. भर उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. मध तर वर्षभर चाटवू नये. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिने झाले की आपल्याकडे सुरू होतं ते डाळीचं पाणी आणि भाताची पेज. याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण चांगल्या खात्यापित्या घरांतली बाळंही इथेच हडकतात. वरणाच्या वरचं निवळ पाणी बाळाला पाजलं की त्याचं एवढंसं पोट भरतं, पण पोटात जातं जवळजवळ नुसतं पाणी. डाळ राहते खाली भांड्यात, आणि ती आपण खातो. बाळाला ती खालची डाळ हवी. मऊ भात, घट्ट वरण, चमचाभर तूप किंवा तेल, सोबत उकडून कुस्करलेला भोपळा किंवा गाजर, असं सगळं बोटांनी कुस्करायचं. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही, इतकं दाट ठेवायचं. मिक्सरमधून गुळगुळीत करू नका. थोडं कणीदार राहिलं की बाळ चावायला शिकतं. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि मधल्या वेळचं खाणं वेगळं. वर्षाचं झालं की घरातलंच जेवण, तिखट-मीठ कमी करून, आणि दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही आईचं दूध चालू. खिमट, नाचणीचं सत्त्व, मूगडाळीची खिचडी, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं केळं, हे आपलं अन्न बाळासाठी उत्तम आहे. डब्यातली पावडर त्याच्यापेक्षा सरस नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०० पैकी सुमारे ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० पैकी सुमारे ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. लोह कमी पडलं की मूल किरकिरं, दमलेलं राहतं, लक्ष लागत नाही, शिकण्यावर परिणाम होतो. दुधात लोह फार कमी असतं. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पाजलं, तर मूल जेवत नाही आणि लोह घटतं. ‘जेवत नाही, पण दूध तरी पितो’ हे समाधान म्हणूनच खोटं आहे. चहा-बिस्किटाची सवय तर लावूच नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. अंडं, मासे, पालेभाजी, डाळी, आहळीव हे द्या, आणि शाकाहारी जेवणावर लिंबू पिळा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध सरकारतर्फे आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळतं. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस असतात. वर्षानंतर जंताची गोळी. या तिन्ही गोष्टी फुकट असतात, पण शहरातल्या घरांत कित्येकांना माहीतच नसतात.

जेवणाच्या वेळी मुलामागे ताटली घेऊन धावणं आणि समोर कार्टून लावून तोंडात घास कोंबणं, या दोन्ही सवयी मोडायला हव्यात. काय वाढायचं आणि कधी, हे आपण ठरवावं. किती खायचं ते मुलाने. फोन बघत खाणाऱ्या मुलाला आपलं पोट भरलं की नाही हेच कळेनासं होतं. खाली बसवा, सगळे सोबत जेवा, हाताने खाऊ द्या. सांडेल. खाली जुना पेपर अंथरा.

घरातल्या मोठ्या बायकांच्या जुन्या रीतींबद्दल एक शब्द. तेलाची मालिश, अंगाई, दुपट्यात गुंडाळून छातीशी धरणं, पाळणा, हे सगळं मनापासून जपावं असं आहे. कानात-नाकात तेल घालणं, डोळ्यांत काजळ, खोली भरून धुरी, हे मात्र बंद व्हायला हवं. तेलाने संसर्ग होतो, काजळात शिसं असू शकतं, धुराने कोवळी फुप्फुसं बिघडतात. आजीशी भांडून हे होत नाही. डॉक्टरांकडे आजीलाच सोबत न्या आणि त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

अंग हलू द्या, मग अक्षरं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करायला हवी. चालणं, पळणं, चढणं, उड्या. झोपही तेवढीच महत्त्वाची: एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, आणि त्यानंतर जास्तीत जास्त एक तास. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत स्क्रीन पूर्ण टाळायला सांगते. गावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल यात धरू नका, तो माणसाशी संवाद आहे. पण ‘इंग्रजी गाणी शिकतो’ म्हणून हातात दिलेला मोबाइल संवाद करत नाही. बाळ काही म्हणालं तरी तो आपलंच वाजवत राहतो.

चालायला शिकणाऱ्या मुलासाठी चाकांचा वॉकर आणू नका. त्यात बसलेलं मूल वेगाने पायऱ्यांपर्यंत किंवा गॅसपर्यंत जातं, आणि चालायला लवकर शिकतही नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा कितीतरी बरा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि स्वतः ढकलतं.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून रोज दोन पानं ए, बी, सी किंवा अ, आ, इ गिरवून घेणं हे मला सरळ चुकीचं वाटतं. मनगटातली हाडं त्या वयात अजून घडत असतात, बोटांत जोर नसतो. मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि शिकण्याबद्दलची पहिली भावना कंटाळ्याची होते. त्या वयात कणीक मळू दे, माती कालवू दे, फुलं ओवू दे, भिंतीवर खडूने मोठमोठे फराटे ओढू दे. ज्या हाताने हे सगळं केलेलं असतं तो सहाव्या वर्षी लिहायला आपणहून तयार असतो.

बालवाडी निवडताना इमारत आणि गणवेश बघू नका. वर्ग चालू असताना जाऊन उभं राहा. मुलं बोलताहेत की तोंडावर बोट ठेवून बसली आहेत? ताई मुलाशी बोलताना खाली वाकतात, बसतात का? रडणाऱ्या मुलाला कोणी जवळ घेतं का? शू लागली म्हटल्यावर लगेच नेतात का? खेळायला उघडी जागा आहे का? गृहपाठ किती, असं विचारा, आणि ‘भरपूर’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. जवळची अंगणवाडी चांगली चालत असेल, तर ती गरिबांची म्हणून टाळू नका. पहिल्या दिवसांत मुलाची नजर चुकवून पळून जाणं ही फार रूढ चूक आहे. सांगून निघा: ‘डबा खाऊन झाला की मी येणार.’ आणि त्याच वेळेला या. रडेल, पण तुमच्या शब्दावरचा विश्वास राहील.

हट्ट, भीती आणि बागुलबुवा

बागेतून निघायची वेळ झाली की दोन वर्षांचं मूल जमिनीवर लोळण घेतं. चारचौघांत आपल्याला शरम वाटते, आणि शरमेपोटी आपण एक तर धपाटा घालतो, नाही तर चॉकलेट देतो. दोन्हींनी उद्याचा हट्ट वाढतो. या वयात भावना पूर्ण जोरात असतात आणि त्या आवरणारा मेंदूचा भाग मात्र अजून कच्चा असतो. मूल मुद्दाम छळत नाही. निघण्याआधी सांगून ठेवा: अजून तीन वेळा घसरगुंडी, मग घरी. तरी लोळण घेतली, तर शेजारी उकिडवं बसा. ‘तुला अजून खेळायचं होतं. राग आला ना?’ असं शांतपणे म्हणा. राग ओसरला की उचलून घ्या आणि ठरल्याप्रमाणे घरी निघा. रागाला नाव मिळालं, पण नियम मोडला नाही. पंधरवडाभर घरातल्या सगळ्यांनी असंच केलं की फरक दिसतो. ‘सगळ्यांनी’ हे मात्र महत्त्वाचं. आई नाही म्हणते आणि बाबा देतात, अशा घरात हट्ट कधीच थांबत नाही.

‘जेव, नाही तर बागुलबुवा येईल’, ‘पोलीस धरून नेतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘आई तुला सोडून जाईल’. ही वाक्यं कृपा करून घरातून हद्दपार करा. हरवलेल्या मुलाने ज्या पोलिसाकडे जायचं, दुखलं की ज्या डॉक्टरांकडे जायचं, त्यांचीच भीती आपण घालतो. आणि आई सोडून जाईल या धमकीने मूल रात्र रात्र दचकून उठतं. तान्हं बाळ रडायचं थांबत नाही म्हणून त्याला गदागदा हलवणं तर जिवावर बेतू शकतं. सहनशक्ती संपली, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा, पाच मिनिटं बाजूला जा, कोणाला तरी हाक मारा.

बाळाची आई

बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी होते, पण तिला कसं वाटतंय हे विचारणारं माणूस घरात असतंच असं नाही. बाळंतपणानंतर सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, हे दोन आठवड्यांपलीकडे चाललं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. इजेचे विचार येत असतील तर दोन दिवसही थांबू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. खचलेली आई बाळाच्या हसण्याला हसून उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तिची काळजी हीसुद्धा बाळाच्या विकासाचीच बाब आहे. बाबांनी रात्रीची एक पाळी घ्यावी, आंघोळ घालावी, लसीला सुट्टी काढून जावं. ते मदत करत नाहीत, स्वतःचं मूल वाढवत आहेत. नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर, हा २०१७ च्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे. तो मागा.

‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका

‘याचा बाबासुद्धा उशिरा बोलला होता.’ या एका वाक्याने मुलांची मोलाची वर्षं जातात. प्रत्येक मुलाची गती वेगळी असते हे खरं, पण काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नसते. तीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसत नाही. सहा महिने झाले तरी मान धरत नाही. वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, हाक मारली की वळत नाही. दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आणि कुठल्याही वयात आधी येत असलेली गोष्ट गेली, बोलायचं ते थांबलं, तर लगेच दाखवा. पहिली तपासणी कानांची करून घ्या. ऐकू न येणारं मूल पुष्कळदा हट्टी किंवा मंद समजलं जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी फुकट होते, आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत वाचा-उपचार, फिजिओथेरपी अशी पुढची मदतही मिळते. तपासून सगळं ठीक निघालं तर आनंदच आहे.

आज रात्री मूल झोपलं की त्याचं माता व बाल संरक्षण कार्ड काढून बघा. वजनाची रेषा गेले दोन-तीन महिने वर चढलेली नसेल, एखादी लस किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस राहून गेला असेल, किंवा वर लिहिलेल्यांपैकी एखादी खूण तुमच्या मुलात दिसत असेल, तर उद्याच अंगणवाडी ताईंकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा.